उझित्से : सदुसष्ट दिवस आणि त्यांच्या मागेपुढे

सर्बियाच्या पश्चिम डोंगराळ भागात, जेतिन्या नदीच्या अरुंद खोऱ्यात दाटीवाटीनं वसलेलं उझित्से इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते 1941मधल्या जेमतेम दोन महिन्यांपुरतं. हा गावावर थोडा अन्यायच आहे.

नदीवरच्या कड्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत. हा किल्ला लढाईत पडला नाही, तो तहात गेला. 1862च्या करारानुसार तुर्कांनी तो पाडायचा ठरलं; पिढ्यानपिढ्या इथं राहिलेली मुसलमान कुटुंबंही निघून गेली. एकेकाळी मशिदींनी भरलेलं गाव काही महिन्यांत बदललं. पण उझित्सेनं स्वतःच्या हिमतीवर काही केलं असेल, तर ते त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. इथल्या विणकाम कारखान्याला यंत्रं चालवायला शक्ती हवी होती. बेलग्रेडचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जॉर्जे स्टानोयेविच यांनी जेतिन्याच्या पाण्यावर वीज करायचा आग्रह धरला, तीही टेस्लाच्या बहुकलीय प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पद्धतीनं. 1899मध्ये राजा अलेक्सांदर ओब्रेनोविच याच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 2 ऑगस्ट 1900 रोजी वीजघर सुरू झालं. नायगाराला याच तत्त्वावर वीज निघू लागून तेव्हा पाचच वर्षं झाली होती! किल्ल्याच्या पायथ्याशी ते दगडी वीजघर अजून उभं आहे. मला विचाराल, तर उझित्सेचा खरा मानबिंदू तोच.

गाजले मात्र ते सदुसष्ट दिवस. सप्टेंबर 1941मध्ये जर्मन सैन्य गावातून निघून गेलं, पार्टिझन म्हणजे कम्युनिस्ट छापामार आत आले आणि व्यापलेल्या युरोपाच्या मधोमध ‘उझित्से प्रजासत्ताक’ उभं राहिलं. त्यांचा नेता टिटो यानं मुख्यालय थाटलं बँकेच्या इमारतीत. ‘बोर्बा’ हे कम्युनिस्ट पक्षाचं वृत्तपत्र इथं पुन्हा छापलं जाऊ लागलं. बँकेच्या मागे डोंगरात खोदलेल्या तिजोरीच्या भुयारांत बंदुका आणि काडतुसं तयार होऊ लागली. 22 नोव्हेंबरला तिथं स्फोट झाला, शंभरावर माणसं गेली. अपघात की घातपात, यावर अजून वाद आहे. आठवड्याभरात जर्मन परतले. त्यांना अडवायला कादिन्याचाच्या खिंडीत उभी राहिलेली कामगार बटालियन 29 नोव्हेंबरला जवळपास संपली.

त्या दिवसांचं मोल गावाला नंतर मिळालं, तेही नावात. 1946 ते 1992 हे ‘टिटोवो उझित्से’ होतं. 1961मध्ये मधला बाजारभाग पाडून वास्तुकार स्टान्को मांदिच यांचा प्रशस्त पार्टिझन चौक झाला आणि त्यात टिटोचा भव्य पुतळा आला. शेजारच्या सेवोय्नोत तांब्याचा कारखाना, गावात काडतुसांचा. 1976मध्ये बेलग्रेड–बार रेल्वे आली. त्याच्या दोनच वर्षं आधी शार्गानचा डोंगर वळसे घेत चढणारी जुनी अरुंदमापी रेल्वे बंद पडली होती. आता तिचा तो टप्पा पर्यटकांसाठी पुन्हा चालतो.

1991मध्ये पुतळा चौकातून उचलला. तो आता त्याच जुन्या बँकेत भरलेल्या संग्रहालयाच्या मागे उभा असतो. गावाची सकाळ मात्र कुठल्याच राजवटीनं बदलली नाही. ती बेकरीत सुरू होते, ‘कोंप्लेट लेपिन्या’नं. गरम पावाचं वरचं टोपण कापायचं, आत कायमाक म्हणजे दाट साय आणि अंडं घालून भट्टीत सरकवायचं, वर भाजलेल्या मांसाचा रस ओतायचा. सोबत पातळ दही. पथ्याचा विचार करणाऱ्यांनी या गल्लीत शिरू नये.

चौकाचं नाव अजून पार्टिझन चौकच आहे. त्याच चौकातल्या नाट्यगृहात 1996पासून दर नोव्हेंबरात महोत्सव भरतो. सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया, माँटेनेग्रो इथली नाटकं येतात, आणि युगोस्लाव्हियातून फुटून गेलेल्या देशांची ही मंडळी ज्या महोत्सवाला येतात त्याचं नाव आहे ‘युगोस्लाव्ह नाट्य महोत्सव’.