ग्रोमॅक्स : स्थापनेची तीन दशके

द्रवातील वा प्रथिनातील प्रत्येक अणूवर शेजारच्या अणूंचे बल किती ते काढावयाचे, न्यूटनच्या नियमानुसार त्या अणूला एकदोन फेमटोसेकंदांच्या सूक्ष्म पावलाने पुढे सरकवावयाचे, आणि हाच क्रम लक्षावधी वेळा चालवावयाचा, ही रेणूंच्या सिम्युलेशनची पद्धत कागदावर कितीही सरळ दिसली, तरी ती चालविण्याची साधने दीर्घकाळ मोजक्याच संस्थांच्या ताब्यात होती. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंचे गणित केले, त्याकरिता त्यांना सीडीसी ३६०० सारखे त्या काळचे अजस्र यंत्र लागले. आणि १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन व कार्प्लस यांनी एका लहान प्रथिनाची गती प्रथमच दाखविली, तेव्हा तिचा अवधी दहा पिकोसेकंदांनाही पोहोचला नव्हता. आज एम.एस्सी.चा विद्यार्थी त्याहून कितीतरी मोठे काम घरच्या लॅपटॉपवर करतो. या स्थित्यंतराचे श्रेय प्रोसेसरच्या वाढत्या वेगाला देण्याचा प्रघात आहे. परंतु मूळ आज्ञावली खुली ठेवणाऱ्यांचा, आणि ती कोणाच्याही यंत्रावर बसावी म्हणून वर्षानुवर्षे झटणाऱ्यांचा त्यात तितकाच वाटा आहे, असे माझे निश्चित मत आहे.

अशीच एक खुली आज्ञावली म्हणजे ग्रोमॅक्स. तिचा जन्म नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात, हर्मन बेरेन्डसेन यांच्या गटात, नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी झाला. इंटेलचे आय८६० प्रोसेसर वलयाकार जोडून एक समांतर गणनयंत्र उभारावे व त्यासाठीच आज्ञावली लिहावी, अशी ती मूळ तजवीज होती. ते यंत्र लवकरच कालबाह्य झाले. आज्ञावली मात्र, १९९५ मध्ये तिच्यावरील निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर, पुढे उप्साला व स्टॉकहोम येथील संशोधकांच्या हाती वाढत राहिली. खुल्या परवान्यामुळे ती उतरवून घेण्यास कोणाची शिफारस लागत नसे, की मंजुरीसाठी अर्ज करावा लागत नसे.

तथापि परवाना मिळणे वेगळे आणि कार्यक्रम प्रत्यक्ष चालणे वेगळे. २००५ च्या सुमारास आमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळांत ग्रोमॅक्स बसविणे हा स्वतंत्र उद्योग होता. प्रथम फूरिए रूपांतरासाठी एफएफटीडब्ल्यू ही दुसरी आज्ञावली बसवावी लागे, आणि तीही विशिष्ट पर्याय देऊन. कारण ती आपण होऊन दुहेरी अचूकतेची घडते, तर ग्रोमॅक्स नेहमीच्या वापरात एकेरी अचूकतेची मागते. ‘एनेबल फ्लोट’ हे दोन शब्द राहिले, की ‘कॉन्फिगर’ची आज्ञा मध्येच थांबून हवी ती लायब्ररी सापडत नसल्याची हरकत घेई. यंत्राचे प्रशासकीय अधिकार नसतील, तर सर्व काही आपल्या खात्यातील फोल्डरमध्ये बसवून त्याचे मार्ग प्रणालीला कळवावे लागत. आणि अनेक यंत्रांवर गणित वाटून द्यावयाचे, तर यंत्रांतील संदेशवहन सांभाळणाऱ्या एमपीआयसह ‘एमडीरन’ हा गणित चालविणारा भाग पुन्हा निराळा घडवावा लागे. आज्ञावली घडविणारी ‘मेक’ची आज्ञा चालू असता पडद्यावरून ओळींमागून ओळी सरकत, आणि शेवटची ओळ निर्वेध उमटली म्हणजे खोलीतील सर्वांचे चेहरे उजळत.

जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या ४.६ आवृत्तीने हे चित्र पालटले. ‘कॉन्फिगर’च्या जागी आलेली सीमेकची व्यवस्था आता रुळली होती, एफएफटीडब्ल्यू स्वतःच उतरवून योग्य रीतीने घडविण्याचा पर्याय तीत मिळाला, आणि ग्राफिक्स कार्डावर बलांचे गणित करण्याची तिची स्वतःची सोय झाली. पुढील वर्षी ५.० आवृत्तीत विखुरलेल्या सर्व आज्ञा ‘जीएमएक्स’ या एका नावाखाली आल्या. आता उबुंटूवर एका ओळीच्या आज्ञेने काम भागते. पण अशी तयार प्रत जुन्या प्रोसेसरवरही चालावी म्हणून जपून घडविलेली असू शकते, आणि ते ग्रोमॅक्स लपवीत नाही : या यंत्रावर याहून वेगवान सूचनासंच वापरता आला असता, अशी नोंद ती आपल्या लॉग फाइलमध्ये करून ठेवते. उलट क्लस्टरच्या नव्या यंत्रावर तेथील प्रोसेसरच्या मापाने घडविलेली प्रत जुन्या यंत्रावर नेली, तर पहिल्याच पावलाला ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळते. म्हणून मोठे काम हाती असेल, तर ज्या यंत्रावर गणित चालणार तेथेच मूळ आज्ञावलीपासून ती घडवावी, हा जुना परिपाठ आजही सोडू नये.

मात्र स्थापना सुलभ झाल्याने वापर सुलभ झाला, असे मानता येणार नाही. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे १२९ अमिनो आम्लांचे प्रथिन बहुतेक विद्यार्थ्यांचा पहिला धडा असते. त्यावर आठ एककांचा धन प्रभार असल्याने पाण्यात आठ क्लोराइड आयन टाकावे लागतात. ते विसरल्यास गणिताची पूर्वतयारी करणारी ‘ग्रॉम्प’ ही आज्ञा तशी सूचना देते, आणि गंभीर इशारा असेल तर कामच अडवून धरते. तो इशारा ‘मॅक्सवॉर्न’ या पर्यायाने ओलांडण्याची मुभा आहे, आणि तिचा सर्रास होणारा उपयोग मला फार खटकतो. अलीकडच्या आवृत्त्यांत दाब स्थिर राखण्यासाठी बेरेन्डसेन यांची १९८४ ची पद्धत निवडली, तर नेमका असा इशारा मिळतो : ही पद्धत सांख्यिकीदृष्ट्या यथार्थ समूह देत नाही, सबब निर्णायक गणितासाठी ती वापरू नये. ज्यांच्या गटात ही आज्ञावली जन्मली, त्यांच्याच पद्धतीतील उणीव तिने उघड नोंदवावी, यापेक्षा खुलेपणाचा भक्कम दाखला मला ठाऊक नाही. दोष मांडणाऱ्याला गणित तपासता आले, पर्याय सुचविणाऱ्याला तो आज्ञावलीत घालता आला, आणि २०२१ च्या आवृत्तीपासून सुधारित सी-रीस्केल पद्धत सर्वांना उपलब्ध झाली.

प्रबंध तपासावयास येतात, तेव्हा मी प्रथम परिशिष्ट पाहतो. आवृत्तीचा क्रमांक, अचूकतेचा प्रकार, सर्व पर्यायांची एमडीपी फाइल आणि ओलांडलेल्या प्रत्येक इशाऱ्याचे कारण त्यात असेल, तर जुन्या आवृत्त्यांची मूळ आज्ञावली उपलब्ध असल्यामुळे तीच प्रत पुन्हा घडवून ते गणित पडताळून पाहता येते; केवळ ‘ग्रोमॅक्स वापरले’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो प्रबंध मी अपूर्ण म्हणून परत पाठवितो.