भिंतीवरचं कोडं

लाइट गेली ना? जाऊ द्या. तो कंदील जरा पुढं सरकवा आणि बसा इथं ओट्यावर, आजच्या गोष्टीला अंधारच बरा. सातपूरला एमआयडीसीत शिफ्ट सुटताना आम्ही पॉवर प्रेसची मोटर बंद करायचो, तरी तिचं ते जडशीळ फ्लायव्हील घूं घूं करत आपलं फिरतच राहायचं, आम्ही हात धुऊन डबा पिशवीत टाकेस्तोवर. आणि नवीन लागलेलं पोर हमखास विचारायचं, काका, वीज तर तोडली, मग ह्याला फिरवतंय कोण? मी म्हणायचो, जडत्व. पण हे नुसतं नाव झालं, बाळांनो. ते येतं कुठून?

ह्याच प्रश्नामागं आपला एक मराठी माणूस लागला होता, जयंत विष्णू नारळीकर. जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा, पण वाढला बनारसला, कारण वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे. घर असं, की वडिलांनी पोरांसाठी भिंतीवर काळे फळे करून घेतलेले. त्यात मोरूमामा हुजूरबाजार शिकायला येऊन राहिले, आणि हा मामा काय करायचा, तर गुपचूप फळ्यावर गणिताचं एक कोडं लिहून ठेवायचा, वर मथळा, 'जे. व्ही. एन. यांना आव्हान'. कोडं सुटेस्तोवर, नाहीतर हार कबूल करेस्तोवर, ते पुसायचं नाही. जेवताना ते समोर, झोपायला जाताना ते समोर. पायात रुतलेल्या काट्यासारखं ठसठसणार की नाही?

पुढं केंब्रिजला गेले, १९५९ साली गणितात पहिले आले, फ्रेड हॉइलसारखा गुरू मिळाला. आणि १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून जे मांडलं ते ऐका, म्हणजे आपलं फ्लायव्हील पुन्हा आठवेल. माख नावाच्या जुन्या शास्त्रज्ञाचा विचार होता, की वस्तूचं जडत्व तिचं एकटीचं नसतं, दूरदूरच्या ताऱ्यांशी त्याचा संबंध असतो. ह्या दोघांनी तो विचार गणितात बसवला: कणाला वस्तुमान मिळतं ते विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळं. सगळं विश्व झाडून रिकामं केलं आणि एकच कण ठेवला, तर त्याला वस्तुमानच उरायचं नाही. म्हणजे बघा, सातपूरच्या शेडमधलं ते चाक थांबायला वेळ लावतंय, त्यात वर दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या साऱ्या ताऱ्यांचा वाटा! मला तर हे ऐकून अंगावर काटा आला होता.

सगळ्या जगानं काही हा सिद्धांत उचलला नाही. विश्वाच्या सुरुवातीबद्दलही तसंच: ते एका महास्फोटातून सुरू झालं, ह्याकडंच बहुतेकांचा कल गेला, नारळीकर मात्र अखेरपर्यंत शंका घेत राहिले. पण त्यांचा मोठेपणा मला दिसतो तो पाठ्यपुस्तकात. १९८३ साली त्यांचं विश्वरचनाशास्त्राचं इंग्रजी पाठ्यपुस्तक आलं, त्यात ज्या महास्फोटावर त्यांचा विश्वास नव्हता तो त्यांनी नीट, सविस्तर शिकवला, आणि दुसरे पर्यायही शेजारी मांडले. शिकवणाऱ्यानं असं असावं.

१९७२ ला ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले, १९८८ ला पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. मधेच १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत गोष्ट धाडली, ती 'नारायण विनायक जगताप' नावानं, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस! २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशकात ९४ वं साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष तेच होते. प्रकृतीमुळं येता आलं नाही, ही हुरहूर आम्हाला राहिलीच.

पोरं सही मागायला आली, की म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून धाड, उत्तराखाली सही येईल. आणि यायची. मामाचा फळा असा गावोगाव पोचला.

२० मे २०२५ ला पुण्यात ते गेले. आता कुणाला पोस्टकार्ड धाडणार? तेव्हा एक करा, घरातला भिंतीचा एक तुकडा काळा रंगवून घ्या, त्यावर पोरांचा एक प्रश्न लिहा, आणि उत्तर सापडेपर्यंत दिवाळीच्या साफसफाईतही तो पुसू नका.