हेडरमधला हरवलेला ‘नका’

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी आयफोनवर चालणारं एक छोटं अ‍ॅप केलं. विषय साधाच, आजीच्या गोळ्यांची यादी. वर हेडर, खाली टेबलमध्ये गोळ्यांची नावं. हेडरमध्ये डॉक्टरांनी बजावलेलं वाक्य : ‘सकाळच्या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका’. लॅबमध्ये सिम्युलेटरवर सगळं झकास दिसलं. काकांच्या जुन्या फोनवर अ‍ॅप टाकून तो आजीला दिला आणि मी होस्टेलवर परतलो.

चारच दिवसांनी आईचा फोन. आजीच्या पोटात रोज सकाळी जळजळ होतेय आणि आजी म्हणतेय, “त्याच्या मोबाईलातच लिहिलंय की, उपाशीपोटी!” रविवारी घरी जाऊन पाहतो तर काय, हेडरमध्ये ‘सकाळच्या गोळ्या उपाशीपोटी…’ एवढंच! आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. शेपूट कापलं गेलं आणि अर्थच उलटा झाला.

चूक आजीची नव्हती. तिला दिसावं म्हणून आईने सेटिंग्जमध्ये अक्षरं मोठी केली होती. आयफोनमध्ये ही ‘डायनॅमिक टाइप’ची सोय २०१३ साली आयओएस ७ पासून आली. नेहमीचा मजकूर १७ पॉइंटचा असतो. साध्या स्लायडरवर तो २३ पर्यंत जातो आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचे मोठे आकार चालू केले तर थेट ५३! मी मात्र हेडरची उंची ४० पॉइंट अशी ठोकून टाकली होती. अक्षरं वाढली, वाक्य दुसऱ्या ओळीवर गेलं, पण त्या ओळीला जागाच नव्हती.

मग उपाय काय? आधी लेबल सुधारा. फॉन्टचा आकडा न देता ‘बॉडी’सारखी टेक्स्ट स्टाइल द्या, ओळींची संख्या शून्य ठेवा (शून्य म्हणजे ‘लागतील तेवढ्या’) आणि लेबल चारही बाजूंनी कन्स्ट्रेंटने बांधा.

पुढची गंमत अशी की टेबलमध्ये हेडर दोन प्रकारचे असतात. प्रत्येक सेक्शनच्या हेडरला ‘ऑटोमॅटिक डायमेन्शन’ आणि एक अंदाजे उंची दिली की टेबल स्वतःच माप घेतं. पण अख्ख्या टेबलच्या डोक्यावरचा जो एकच हेडर असतो, तो तसा वाढत नाही. टेबल त्याची फ्रेम बघतं आणि तेवढीच जागा सोडतं. माझा हेडर नेमका हाच!

इथे माप आपणच घ्यायचं. लेआउट झाल्यावर टेबलची रुंदी पक्की धरून ‘सिस्टिम लेआउट साइज फिटिंग’ला उंची विचारायची, ती फ्रेमला द्यायची आणि हेडर टेबलला पुन्हा नेमून द्यायचा. पुन्हा नेमला नाही, तर खालच्या ओळी जुन्याच जागी राहतात. आणि हो, उंची खरंच बदलली असेल तरच हे करा. नाहीतर नेमणुकीने लेआउट आणि लेआउटने नेमणूक, असं चक्र सुरू होऊन अ‍ॅप लटकतं. मी एक अख्खी रात्र त्यात घालवली आहे!

आता आजीच्या फोनवर ‘घेऊ नका’ ठसठशीत दिसतं. तरी वाक्यही मी बदललं : ‘आधी नाश्ता, मग गोळ्या’. तेव्हा मंडळी, व्हायव्हाच्या आधी अक्षरं सर्वांत मोठी करून आपलं अ‍ॅप एकदा उघडून बघाच.