तळाला राहूनही तरलेला संघ

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताने तिन्ही सामने गमावले. हे खेळाडू पांगू नयेत, म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांतील अनेकांना 'इंडियन ॲरोज' या नावाने थेट आय-लीगमध्ये उतरविले. संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता. समोर मात्र मोहन बागान, ईस्ट बंगालसारखे मुरलेले संघ.

गोव्यात २९ नोव्हेंबर रोजी पहिल्याच सामन्यात ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० असे नमविले. त्यातील दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. पुढे दिल्लीत शिलाँग लाजाँगविरुद्धही हाच निकाल लागला. अनेक बचावपटूंना चकवून नोंगदंबा नाओरेमने तेथे केलेला गोल विशेष गाजला. सातत्य मात्र राहिले नाही. हंगाम संपण्यापूर्वीच प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस पायउतार झाले आणि फ्लॉइड पिंटो यांच्याकडे सूत्रे आली. अखेर १८ सामन्यांत १५ गुण आणि दहावे, म्हणजे शेवटचे स्थान.

तरीही खालच्या श्रेणीत जाण्याची टांगती तलवार ॲरोजवर नव्हती. विकास संघ म्हणून त्यांना तशी सूटच होती. फटका बसला तो नवव्या क्रमांकावरील चर्चिल ब्रदर्सला. पुढे या गोमंतकीय संघाला लीगमध्ये परत घेण्यात आले, तरी तळाच्या संघाला अभय आणि वरच्याला शिक्षा हा न्याय खटकणाराच. कोवळ्या खेळाडूंना पूर्ण हंगाम निर्धास्तपणे खेळता आला, तो मात्र याच सवलतीमुळे. २०२२ मध्ये महासंघाने हा संघ गुंडाळला.