उडीच्या सहा फ्रेम

गेममधलं पात्र कड्यावरून उडी मारतं तेव्हा पुष्कळदा ते कड्यावर नसतंच. पाय सुटून गेलेले असतात, तरी पुढच्या पाच-सहा फ्रेमपर्यंत उडीचं बटण चालतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ही सवलत सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी. खेळणाऱ्याला ती दिसत नाही. पण काढून टाकली की प्रत्येक जण एकच तक्रार करतो, 'मी दाबलं होतं, उडी लागलीच नाही.' गेम बनवणारे हिला 'कोयोटी टाइम' म्हणतात. ती चार फ्रेमची ठेवायची की सहाची, यावर आमच्या ऑफिसात अख्खी दुपार वाद चालतो.

हे ऑफिस सुरतेत, मोटा वराछात आहे. या भागात आणि कतारगामकडे मोबाइल ॲप आणि गेम बनवणारी अशी छोटी ऑफिसं बरीच आहेत. माझं काम टेस्टिंगचं. नवा बिल्ड आला की तो आधी जुन्या, स्वस्त फोनवर टाकायचा, कारण महागड्या फोनवर सगळंच गुळगुळीत चालतं. फोन तापला की फ्रेम गळतात, आणि फ्रेम गळल्या की ती उडी हुकते. बग नोंदवताना 'चालत नाही' एवढं लिहून भागत नाही. फोन कुठला, लेव्हल कुठली, कोणत्या क्रमाने काय दाबलं, दहा वेळा केलं तर किती वेळा घडलं, हे सगळं लिहावं लागतं. प्रोग्रॅमरला बग स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच तो दुरुस्त होतो.

बाकी आम्ही जे करतो ते जॉबवर्क. माझे वडील खानदेशातून सुरतेतल्या उधन्याला आले ते लूमवर. तिथेही यार्न व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्याचं, कारखानदाराला मिळते ती मीटरवर मजुरी, आणि ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड गेलं की त्यावर छाप पडते ती दुसऱ्याचीच. लुडो, तीन पत्ती, रमी यांच्या कामातही तसंच चालत आलं. फासा पडद्यावर गरगरत असतो तेव्हा आकडा सर्व्हरवर केव्हाच ठरलेला असतो. फासा किती वेळ फिरला म्हणजे खेळणाऱ्याचा श्वास अडकेल, एवढंच आमच्या हातात. त्यातही कसब आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पण कोड क्लायंटचा, नाव क्लायंटचं.

ही सुरतेपुरती गोष्ट नाही. बेंगळुरूत १९९७ साली सुरू झालेली ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही देशातली अगदी आधीची गेम कंपनी. तिचं नाव झालं ते परदेशी स्टुडिओंसाठी केलेल्या कामामुळे. पुण्यात यूबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला आणि शेकडो मुलं तयार झाली, तीही मोठ्या परदेशी गेमवर काम करत. म्हणून स्वतःचा गेम बनवणाऱ्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओची हकीकत मला फार मोलाची वाटते.

अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांचा हा स्टुडिओ. गेमचं नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर १ लाख २० हजार पाउंड मागितले. रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की उद्दिष्ट गाठलं नाही तर काहीच हाती येत नाही. हाती राहिला तो डेमो आणि तो खेळून खूश झालेले लोक. तिथून गेम बाहेर यायला २०२० चा ऑगस्ट उजाडला. १८ तारखेला तो निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरात बाकीच्या ठिकाणी.

मधली ती वर्षं म्हणजेच स्टुडिओचा खरा इतिहास, असं मी म्हणेन. छोट्या स्टुडिओला पैशांची चणचण असते हे सगळेच सांगतात. त्या चणचणीतून काय घडवलं ते गेममध्येच बघावं लागतं. राजी ही डोंबाऱ्यांसारख्या कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला ती निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. लढताना ती खांबाला धरून गोल फिरते, भिंतीवर दोन पावलं चढून उलटी येते. कॅमेरा खेळणाऱ्याला फिरवता येत नाही. तो स्टुडिओनेच लावलेला, त्यामुळे राजस्थानी वळणाचे महाल आणि सज्जे चित्रात मांडावेत तसे समोर येतात. आमच्या बाजूने पाहिलं तर कॅमेरा बांधला की जे दिसणारच नाही ते बनवावं लागत नाही. कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत. बाहुलीला ओठ हलवावे लागत नाहीत, आणि त्रिमितीय चेहरा बोलता करणं किती महाग पडतं हे आम्हाला नीट ठाऊक आहे. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं आहेत. काटकसर कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते ते मला सांगता येत नाही, इतकं ते एकजीव झालं आहे.

उणिवाही आहेत. मारामारी पुढे पुढे तीच ती वाटते, आणि शेवट असा अचानक येतो की मी पुढचा भाग उघडायचं बटण शोधत राहिले. तरी २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या यादीत 'राजी' होता. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ला मिळालं, आणि तोही बहुतांशी एकाच माणसाने बनवलेला होता. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत 'राजी'त हिंदी आवाज आले.

राजीच्या भिंतीवरच्या धावेत 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ही गेममालिका दिसते. तिच्या पहिल्या गेमसाठी कर्ता जॉर्डन मेकनर याने १९८५ मध्ये धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम पाहून पात्र रेखाटलं. तो गेम आला १९८९ मध्ये. आमच्या ॲनिमेटर मुलीनेही परवा हेच केलं. इमारतीच्या गच्चीवर एका सहकाऱ्याला कट्ट्यावरून उतरायला लावून फोनवर शूटिंग केलं. उतरताना माणूस आधी चवडा टेकतो, गुडघा नंतर वाकतो, हात सगळ्यांत शेवटी खाली येतात. तिने हात दोन फ्रेम उशिरा आणले आणि पात्राला एकदम वजन आलं.

हे पात्र आमच्या स्वतःच्या गेममधलं आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि रमीची कामं थांबली. मला तो कायदा योग्य वाटतो. हप्त्याचे पैसे रमीत गेलेली घरं मी उधन्यात पाहिली आहेत. पण काम थांबलं की पगार अडतो, हेही तितकंच खरं. आता सकाळी शब्दकोड्याच्या एका ॲपचं जॉबवर्क चालतं, आणि त्यावर दुपारचा आमचा गेम तगतो. अनरिअल इंजिन वापरतो, ते २०१५ पासून मोफत आहे. कमाई १० लाख डॉलरवर गेली तरच वरच्या रकमेवर ५ टक्के द्यावे लागतात. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम लावायचे १०० डॉलर भरून झाले आहेत. विक्रीतले ३० टक्के त्यांचे.

तीन लेव्हल खेळण्याजोग्या झाल्या आहेत. दुसरीत एका सज्ज्यावरून समोरच्या खांबावर झेप आहे, आणि स्वस्त फोनवर ती अजून दहात दोनदा हुकते. सवलत सहाची सात फ्रेम केली तर झेप लागते, पण मग बाकीच्या उड्या फार सोप्या होतात. प्रोग्रॅमर म्हणतो, खांबच थोडा अलीकडे घेऊ. मी म्हणते, आधी फ्रेम का गळतात ते शोध.