शुगर आहे, मग ग्लासात काय घ्यावे?

घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली गदा मिठाईवर येते. शीरखुर्मा बंद, फिरनी बंद, भात अर्धा. पण कपातून आणि ग्लासातून पोटात जाणारी साखर आपण क्वचितच मोजतो. चघळून खाल्लेल्या अन्नापेक्षा प्यायलेली साखर रक्तात लवकर उतरते, म्हणून तिचा हिशेब आधी मांडायला हवा.

चहापासून सुरुवात

एका लहान चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर असते. दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे धरले, तर 32 ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना तर निरोगी माणसालाही वरची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक बरे, असे सांगते. एकदम फिका चहा जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. आले, वेलची, दालचिनी घातली की जिभेला सवय होते.

गूळ, मध आणि रस

साखरेऐवजी गूळ चालतो, हा मोठा गैरसमज आहे. गुळानेही शुगर वाढते. मध ही अल्लाहची नेमत आहे, पण मधुमेहींसाठी त्याचीही मोजदाद हवी. एक ग्लास मोसंबीच्या रसाला तीन-चार मोसंबी लागतात. गोडवा सगळा ग्लासात येतो आणि चोथा, म्हणजे तंतू, मागे राहतो. त्यापेक्षा एक मोसंबी सोलून खाल्लेली बरी. उसाचा रस, फालुदा आणि कोल्ड्रिंक टाळलेलेच चांगले.

मग प्यावे काय?

सर्वांत आधी साधे पाणी. मग पातळ ताक, साखर न घातलेले लिंबूपाणी, त्यात हवा तर भिजवलेला सब्जा. कोकणातल्या घरांत कोकमाचे आगळ असतेच. गोड कोकम सरबतात साखर असते, आगळात नसते. मात्र ते खारट असल्याने रक्तदाब असणाऱ्यांनी जपून घ्यावे. दुधातही नैसर्गिक साखर असते, म्हणून तेही मोजून प्यावे. शहाळ्याचे पाणी अधूनमधून चालते, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

रमजानमध्ये

दिवसभराच्या तहानेनंतर दस्तरखानावरचे लाल सरबत खुणावते. पण ते मुख्यतः साखरेच्या पाकाचेच असते. एक खजूर आणि पाणी यांनी रोजा सोडावा, नंतर ताक घ्यावे. इफ्तार ते सहरी थोडे थोडे पाणी पीत राहावे. रोजे ठेवायचे की नाही आणि औषधांच्या वेळा कशा बदलायच्या, हे रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. हात थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही शुगर उतरल्याची लक्षणे आहेत. बोटाच्या थेंबाने तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. आकडा 70 च्या खाली असेल तर मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरी रोजा सोडावा आणि चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. त्या वेळी साखर हेच औषध. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न ओतता दवाखाना गाठावा. आकडा 300 च्या वर गेला तरीही रोजा सोडून डॉक्टरांशी बोलावे. सूरह अल-बकराच्या 185 व्या आयतीत आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

मेहमाननवाजी करताना

आपल्याकडे मेहमानाला गोड सरबत देणे हा प्रेमाचा भाग आहे. तो नको म्हणाला की आपण “एका घोटाने काय होतंय?” असा आग्रह धरतो, आणि बिचारा संकोचाने पितो. ट्रेमध्ये सरबतासोबत ताक आणि बिनसाखरेचा चहाही ठेवला, साखर वेगळ्या वाटीत दिली, तर कुणाला आपला आजार चारचौघांत सांगावा लागणार नाही. मेहमानाची सेहत जपणे हीसुद्धा मेहमाननवाजीच आहे.