शिबिरामागची वही

आपल्या तानसा, शहापूर, मुरबाड भागात कॉलेजची मुले शिबिराला येतात. बंधारा घालतात, झाडे लावतात. ही राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली.

मुले दिसतात; त्यांच्यामागचे कारकुनी काम दिसत नाही. आम्हांला तेच मोठे वाटते. एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी असतात. ते ग्रामपंचायतीला पत्र धाडतात, शाळेच्या खोल्या मागतात. तानसा अभयारण्यात काम असेल, तर वनखात्याची परवानगी आधी हवी. मग पाणी, शिधा, औषध. ५० पोरं जेवायची म्हणजे पावत्या आणि हिशेब आलाच की!

सर्वांत जपायची ती हजेरी. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचे शिबिर. एवढे भरले तर प्रमाणपत्र. मुलाने घाम गाळला आणि वहीत नाव चढले नाही, तर ते कष्ट विद्यापीठाच्या दप्तरी लागत नाहीत.

पंचायतीत असे पत्र आले तर मागून घ्या, स्वतः वाचा. तारखा, मुले किती, काम कोणते, एवढे पाहा. बंधारा कुठल्या ओहोळावर हवा ते तेव्हाच सांगावे. मुले उतरल्यावर सांगून उपयोग नाही. तोवर सामान दुसरीकडे पडलेले असते.